ठसका न लागण्याचा धोका

शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत घसा फार सोपा दिसतो. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी पानाच्या आकाराची एक झडप, एपिग्लॉटिस. घास आला की झडप मिटते आणि घास मागच्या वाटेने जातो. श्वास घ्यायचा तेव्हा ती उघडते. परीक्षेत दोन गुण मिळवायला एवढं पुरतं, आणि बहुतेकांच्या मनात घशाचं चित्र जन्मभर एवढंच राहतं. या चित्रात चुकीचं असं फारसं काही नाही, पण मुख्य गोष्टच त्यात आलेली नाही. श्वासमार्ग सुरक्षित राहतो तो घशाला असलेल्या जाणिवेमुळे. तिथे काय आलं आहे, किती आलं आहे, कुठवर पोचलं आहे याची खबर घशाच्या अस्तरातले मज्जातंतू सतत मेंदूला देत असतात आणि त्या खबरीवर तीसेक स्नायूजोड्या क्षणार्धात ठरलेल्या क्रमाने हलतात. ही जाणीव बोथट झाली की झडप धडधाकट असूनही माणूस धोक्यात येतो. उलट जाणीव शाबूत असेल, तर झडप नसली तरी त्याला जेवता येतं.

हे दुसरं विधान ऐकायला अतिशयोक्त वाटेल, पण ते दोनशे वर्षांपूर्वीच तपासून झालं आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी यांनी 1813 मध्ये कुत्र्यांची एपिग्लॉटिस कापून टाकली आणि ते कसे गिळतात हे पाहिलं. झडप गेल्यावर अन्न थेट फुप्फुसात जाईल अशी अपेक्षा होती. कुत्री मात्र गिळत राहिली. श्वासनलिकेचं दार मुळात बंद होतं ते स्वरयंत्र आवळल्यामुळे, हा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. माणसांतला पुरावा नंतर कर्करोगाच्या शस्त्रक्रियांमधून मिळाला. स्वरयंत्राच्या वरच्या भागात गाठ असली तर कधी कधी तो भाग एपिग्लॉटिससकट काढावा लागतो. अशा रुग्णांना सुरुवातीला गिळताना त्रास होतो हे खरं, पण त्यांतले बरेच जण पुन्हा तोंडाने जेवू लागतात. त्यांना शिकवली जाणारी युक्ती पाहण्यासारखी आहे: श्वास घेऊन रोखायचा, रोखलेल्या श्वासातच गिळायचं, आणि पुढचा श्वास आत घेण्याआधी मुद्दाम खोकायचं. निरोगी घसा जे न सांगता करतो, तेच इथे समजून-उमजून करायचं असतं. मग एपिग्लॉटिस निरुपयोगी आहे का? तसंही नाही. येणारा घास ती दोन बाजूंना वळवते आणि स्वरयंत्रावर थोडा आडोसा धरते. पण तिचं काम मदतनिसाचं आहे.

प्रत्यक्षात काय घडतं ते एका घोटापुरतं सावकाश पाहू. गळ्याच्या पुढच्या बाजूला कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळला, तर तो टणक भाग झटकन वर चढून पुन्हा खाली येताना जाणवतो. त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात बरंच काही उरकलेलं असतं. जिभेने घोट मागे ढकलताच पडजीभ आणि तिच्या वरचा मऊ टाळू उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद होते. श्वास थांबतो. स्वरतंतू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या वरच्या आणखी दोन घड्या मिटतात, स्वरयंत्राच्या मागच्या बाजूच्या छोट्या कूर्चा पुढे झुकून दार घट्ट करतात. मग सगळं स्वरयंत्र वर आणि पुढे खेचलं जाऊन जिभेच्या बुडाखाली दडतं. याच ओढीने एपिग्लॉटिस आडवी होते. स्वरयंत्र पुढे सरकल्यामुळेच मागची अन्ननलिका, जी एरवी स्नायूंच्या वळ्याने आवळलेली असते, तिला उघडायला जागा मिळते. घोट खाली उतरतो, सगळं जागच्या जागी येतं आणि श्वास पुन्हा सुरू होतो. बहुतेक वेळा तो उच्छ्वासाने सुरू होतो. दाराशी एखादा थेंब रेंगाळला असेल, तर आत ओढणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणारी हवा बरी, असा हा हिशेब आहे. पार्किन्सन्ससारख्या आजारांत हा क्रम बिघडतो आणि गिळल्यानंतरचा पहिलाच श्वास आत घेतला जाण्याचं प्रमाण वाढतं.

हे सगळं मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात ठरतं. रॉबर्ट डॉटी आणि जेम्स बॉस्मा यांनी 1956 मध्ये प्राण्यांच्या घशातल्या अनेक स्नायूंची विद्युत हालचाल एकाच वेळी नोंदवली. गिळण्याची क्रिया कशानेही सुरू केली, तरी स्नायूंचा क्रम जवळपास तोच राहतो असं त्यांना दिसलं. एकदा सुरू झालेला घोट आपण मधेच थांबवू शकत नाही, याचं कारण हेच. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो त्या साध्या प्रतिक्षिप्त क्रियेपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. इथे एका इशाऱ्यावर आख्खा कार्यक्रम चालू होतो.

क्रम मेंदूत आधीच ठरलेला असेल, तर घशाची जाणीव एवढी महत्त्वाची कशी, असा प्रश्न कुणी विचारील. इशारा मिळाल्यावर कार्यक्रम आपोआप चालणार. जाणिवेचं काम फक्त सुरुवातीच्या घंटेपुरतं. ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळतं. त्यात 16 निरोगी प्रौढ व्यक्तींच्या स्वरयंत्राला संवेदना पुरवणारी मज्जातंतूची शाखा दोन्ही बाजूंनी भूल देऊन काही काळ बधिर केली होती. स्नायू हलवणारे तंतू तसेच होते, एपिग्लॉटिस तशीच होती आणि गिळायचं कसं हे त्या लोकांना ठाऊक होतंच. तरीही सगळ्यांनाच गिळणं जड गेलं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. क्ष-किरण चित्रफितीत दिसलं की जवळपास 43 टक्के घोटांत द्रव स्वरयंत्राच्या दारात शिरला आणि अशा घोटांपैकी निम्म्याहून अधिक वेळा तो स्वरतंतू ओलांडून श्वासनलिकेत उतरला. दार पुरतं मिटतच नव्हतं. म्हणजे जाणिवेचं काम घंटा वाजवून संपत नाही. कार्यक्रम चालू असतानाही खालून येणारी खबर मेंदूला लागते, आणि ती मिळाली नाही तर आवळायचे स्नायू पुरेसे आवळले जात नाहीत.

आता समजा, एवढा बंदोबस्त असूनही एखादा थेंब निसटला. स्वरतंतूंना त्याचा स्पर्श होताच आधी जे होतं ते खोकल्यासारखं दिसतं, पण तो पुरता खोकला नसतो. खोकताना माणूस आधी खोल श्वास घेतो, मग स्वरतंतू पाव सेकंदाहून कमी वेळ घट्ट मिटतात, छाती आणि पोटाचे स्नायू आतल्या हवेवर दाब आणतात आणि दार एकदम उघडून हवा जोराने बाहेर पडते. थेंब दाराशीच असताना आधी खोल श्वास घेणं म्हणजे तो स्वतःहून आत ओढणं. म्हणून स्वरतंतूंना स्पर्श झाला की आधी श्वास न घेताच हवा एकदम बाहेर फेकली जाते. ठसक्याची पहिली उबळ येते तेव्हा आपल्याला दम घ्यायलाही फुरसत मिळत नाही, ती यासाठी. वस्तू आणखी खाली, श्वासनलिका दुभंगते तिथवर गेली, तर मग खोल श्वास घेऊन केलेला खरा खोकला कामाला येतो, कारण आता मागून जोर लावायला हवा हवी असते. कोणत्या ठिकाणी कोणती क्रिया, हा भेद इतका नेमका आहे की ‘खोकला’ या एका नावाखाली दोन्ही खपवणं खरं तर अन्यायाचं आहे.

घशाच्या रक्षणात उमासा किंवा ओकारीची प्रतिक्षिप्त क्रिया मोठी मानली जाते. घशाच्या मागच्या भिंतीला काडी लावायची, ओकारी आली तर घसा ठीक, नाही आली तर धोका, अशी तपासणी अनेक वर्षं होत आली. ही समजूत आता सोडायला हवी. ‘लॅन्सेट’मध्ये 1995 साली आलेल्या एका अभ्यासात 140 निरोगी व्यक्ती तपासल्या होत्या, त्यांतल्या 37 टक्के लोकांना काडी लावूनही ओकारी आली नाही. हे लोक रोज व्यवस्थित जेवत होते. त्याच अभ्यासात घशाला स्पर्श मुळीच न जाणवणारी व्यक्ती मात्र एकच निघाली. ओकारीत सगळं तोंडाकडे फेकलं जातं आणि गिळताना खाली नेलं जातं, त्यामुळे एकीवरून दुसरीबद्दल फारसं कळत नाही. घशाला जाणवतं का, हा प्रश्न या दोहोंपेक्षा जास्त कामाचा.

जाणीव गेली की काय होतं, हे पक्षाघाताच्या रुग्णांत सर्वांत स्पष्ट दिसतं. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळण्याची काही ना काही अडचण असते. त्यांतल्या काहींना पाणी पाजलं की ठसका लागतो. घरचे घाबरतात, पेला बाजूला ठेवतात, डॉक्टरांना सांगतात. दुसरा गट मात्र पाणी शांतपणे पितो. ठसका नाही, तक्रार नाही. पितो आहे, म्हणजे सुधारतो आहे, असं घरच्यांना वाटतं. क्ष-किरणांना दिसणारं बेरियम घालून हाच घोट चित्रफितीत पाहिला, तर काहींच्या बाबतीत तो सरळ श्वासनलिकेत उतरताना दिसतो आणि चेहऱ्यावर रेषही हलत नाही. याला मूक अपघातच म्हणावं लागेल. चार दिवसांनी ताप येतो, न्यूमोनियाचं निदान होतं आणि दोष गार पाण्यावर किंवा पंख्याच्या वाऱ्यावर जातो. रुग्णाला 90 मिलिलिटर पाणी प्यायला देऊन त्याला ठसका लागतो का, आवाज ओला, घोगरा होतो का हे पाहण्याची चाचणी 1992 पासून प्रचलित आहे. ती सोपी आणि उपयुक्त आहे, पण तिलाही ही मर्यादा राहतेच: ठसका मोजणाऱ्या चाचणीत ठसका न लागणारे काही जण सुटून जातात. म्हणून शंका असेल तिथे चित्रफितीची किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहण्याची तपासणी करतात.

या सगळ्या विवेचनाला एक जड आक्षेप आहे. 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 20 निरोगी माणसांच्या घशात झोपेत किरणोत्सर्गी खूण घातलेला द्रव सोडला आणि सकाळी फुप्फुसांचं चित्र घेतलं. 45 टक्के लोकांच्या फुप्फुसांत तो पोचलेला होता. शुद्ध हरपलेल्या रुग्णांत हे प्रमाण 70 टक्के होतं, म्हणजे जास्त, पण फरक डोळे दिपवणारा म्हणता येणार नाही. धडधाकट माणसांच्या फुप्फुसांतही रात्री लाळ उतरत असेल आणि त्यांना काही होत नसेल, तर घशाच्या या पहाऱ्याला एवढी किंमत का द्यायची?

उत्तर पहारा किती कडक आहे यात नाही, तर काय निसटतं आणि किती, यात आहे. झोपेत गिळणं आणि खोकणं दोन्ही मंदावतं, थोडी लाळ खाली जाते. पण निरोगी माणसात ती थोडी असते, श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस ती कफासकट वर ढकलतात, रोगप्रतिकारक पेशी उरलेलं निस्तरतात आणि सकाळी एकदा खाकरलं की काम संपतं. ज्याची जाणीव गेली आहे त्याच्या बाबतीत हेच दिवसभर, प्रत्येक घोटाला आणि मोठ्या प्रमाणात घडतं, आणि खाकरणंही जमत नाही. शिवाय लाळेसोबत कोणते जंतू जातात हा प्रश्न आहेच. सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये 189 वृद्धांचा पाठपुरावा करून न्यूमोनिया कुणाला होतो हे शोधलं. गिळण्याची अडचण हे एक कारण होतंच, पण एकट्या त्या अडचणीवरून न्यूमोनिया सांगता येत नव्हता. दुसऱ्याच्या हाताने जेवावं लागणं, दात घासायलाही दुसरा लागणं, किडलेल्या दातांची संख्या, ही लक्षणं जास्त बोलकी निघाली. जपानमध्ये 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांच्या तोंडाची रोज नीट स्वच्छता केली, त्यांच्यापैकी 11 टक्के लोकांना न्यूमोनिया झाला. इतरांपैकी 19 टक्के लोकांना. टूथब्रशने एवढा फरक पडावा, हे औषधांच्या जाहिराती पाहणाऱ्या आपल्याला पटायला जरा वेळ लागतो. म्हणजे आक्षेप खरा असूनही मूळ म्हणणं मोडत नाही. घशाचा पहारा हा एका साखळीतला पहिला दुवा आहे, एवढंच त्याने दाखवलं.

दुसरा आक्षेप रचनेबद्दलचा. हवेची आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदते, ही रचनाच वाईट आहे. मग तिच्या रक्षणाचं कौतुक कशाला? प्रत्येक घासाला श्वासनलिकेच्या तोंडावरून जावं लागतं, या विचित्र गोष्टीची दखल डार्विननेही 1859 च्या ग्रंथात घेतली होती. याचं कारण इतिहासात आहे. फुप्फुसं ही प्राचीन माशांच्या अन्नमार्गाला पोटाच्या बाजूने फुटलेली पिशवी; गर्भातही चौथ्या आठवड्यात ती अन्नमार्गाच्या पुढच्या बाजूलाच फुटतात. नाक मात्र वर. त्यामुळे वरून येणारी हवा पुढे आणि समोरून येणारं अन्न मागे न्यायचं, तर फुली होणारच. माणसाचं स्वरयंत्र बोलता यावं म्हणून खाली सरकलं आणि ठसका ही त्या भाषेची किंमत आहे, असं पुष्कळदा सांगितलं जातं. कल्पना आकर्षक आहे. मला ती अर्धीच पटते. खाली उतरलेलं स्वरयंत्र तांबड्या हरणाच्या नरातही असतं, हे 2001 मध्ये दाखवलं गेलं, आणि हरणं काही व्याख्यानं देत नाहीत. स्वरयंत्र खाली आल्याने घशातला सामायिक पट्टा लांबला आणि पहाऱ्यावरचा भार वाढला, एवढं मान्य करता येतं. त्यापुढचं अजून वादात आहे.

हा पहारा जन्मतः पूर्ण तयार नसतो, हेही ध्यानात घ्यायला हवं. तान्ह्या बाळाच्या स्वरयंत्राला पाण्याचा स्पर्श झाला तर ते मोठ्या माणसासारखं खोकत सुटत नाही. ते गिळतं, श्वास थांबवतं, हृदयाचे ठोके मंदावतात. गर्भाशयात, चहूकडे द्रव असताना, हीच प्रतिक्रिया शहाणपणाची होती. बाहेर आल्यावर हळूहळू खोकला तिची जागा घेतो. आडव्या निजवलेल्या बाळाच्या तोंडात बोंडल्याने गुटी किंवा पाणी ओतणं धोक्याचं आहे ते या कारणाने. थोडी मोठी मुलं खोकतात, पण दाढा आलेल्या नसतात आणि खाता खाता पळतात. आपल्याकडे लहान मुलांच्या श्वासनलिकेतून सर्वाधिक वेळा काढावा लागणारा पदार्थ म्हणजे शेंगदाणा.

खोकल्याकडे आपण त्रास म्हणून पाहतो, तो दाबायला औषधं घेतो. उच्च रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या रामिप्रिल, एनालाप्रिल यांच्या गटातल्या औषधांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो. कारण ही औषधं ज्या विकराला अडवतात, तेच विकर घशातल्या संवेदना तीव्र ठेवणाऱ्या ‘सबस्टन्स पी’ या द्रव्याचं विघटनही करतं. विकर अडलं की द्रव्य साचतं. जपानी संशोधकांनी यावरून उलटा विचार केला: ज्यांची जाणीव मंदावली आहे, अशा पक्षाघाताच्या रुग्णांना याचा फायदा होत असेल का? त्यांच्या पाहणीत ही औषधं घेणाऱ्यांना न्यूमोनिया कमी झाल्याचं दिसलं. पुढे सगळ्या देशांत तसाच परिणाम आढळला नाही, त्यामुळे केवळ एवढ्यासाठी ही औषधं घ्यावीत असं म्हणता येणार नाही. पण त्रासदायक खोकला आणि संरक्षक खोकला एकाच मुळातून येतात, एवढं यातून पक्कं होतं.

जाणीव पूर्ण बंद केली की काय होतं, याचा अनुभव वैद्यकाने भुलीच्या टेबलावर घेतला. न्यूयॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये 44,016 बाळंतपणांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत भूल दिलेली असताना पोटातलं अन्न किंवा आम्ल वर येऊन श्वासमार्गात गेल्याच्या 66 घटना होत्या. दोघी दगावल्या, दोघीही घन अन्नाने गुदमरून. शस्त्रक्रियेआधी सहा तास काही खायचं नाही आणि शेवटचे दोन तास पाणीही प्यायचं नाही, हा आज प्रत्येक रुग्णालयात ऐकू येणारा नियम अशाच अनुभवांतून आला आहे. ‘चहा-बिस्किटाने काय होतंय’ म्हणून तो गुपचूप मोडणाऱ्या नातेवाइकांनी हे आकडे वाचावेत.

तेव्हा शुद्धीत नसलेल्या, फिट आलेल्या किंवा दारूने धुंद माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. त्याला कुशीवर वळवा. घरात कुणाला पक्षाघाताचा झटका आला, तर डॉक्टरांनी गिळण्याची तपासणी करेपर्यंत पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडाने देऊ नका. नंतर भरवताना त्याला ताठ बसवा, एकेक लहान घास द्या, तो उतरल्याशिवाय दुसरा देऊ नका आणि जेवणानंतर त्याचे दात घासा. ठसका लागला तर तो डॉक्टरांना सांगा, आणि मुळीच लागत नसूनही जेवल्यावर आवाज ओला येत असेल किंवा वारंवार ताप येत असेल, तर तेही आवर्जून सांगा.